माल गेला, पैसे कधी? लघुउद्योजकासाठी वसुलीची वाट, पायरीपायरीने

भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत नव्यानं उभं राहिलेलं मशीन शॉप घ्या. दोन सीएनसी, पाच-सहा कामगार, हातात तीन महिन्यांचं काम. तरी पगाराची सात तारीख जवळ आली की मालक मोबाइलवर सीसी (बँकेच्या कॅश क्रेडिट) खात्यात किती उरलंय ते बघत असतो. धंदा तोट्यात नसतो. नफा झालेला असतो, फक्त तो गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागात अडकून पडलेला असतो.

पैसे उशिरा येतात ते पीओवर (खरेदी आदेशावर) ६० दिवसांची उधारी लिहिली आहे म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. पण ६० दिवसांचे ८० कसे झाले ते शोधायला बसलं की वरचे २० दिवस गेटवर, स्टोअरमध्ये, जीएसटीच्या विवरणपत्रात आणि 'पुढच्या पेमेंट रनमध्ये घेऊ' या वाक्यात सापडतात. हे दिवस भांडण न करता आणि एक रुपया व्याज न भरता परत मिळवता येतात. म्हणून सुरुवात तिथून करायची. कर्ज आणि कायदा नंतर.

१. पैसा किती दिवस अडकतो ते आधी मोजा

पैसे आलेली शेवटची दहा बिलं काढा. प्रत्येकापुढे पाच तारखा लिहा: माल निघाला, पोच मिळाली, जीआरएन (माल मिळाल्याची गिऱ्हाइकाच्या स्टोअरची नोंद) झालं, बिल पास झालं, पैसे जमा झाले. दोन तारखांमधलं सगळ्यात मोठं अंतर कुठे पडतं ते दहा ओळींत दिसतं.

आता ढोबळ हिशोब. समजा महिन्याचं बिलिंग ८ लाख आणि सगळा खर्च ७ लाख, म्हणजे रोजचे साधारण २३,३०० रुपये. कच्चा माल आल्यापासून तयार माल निघेपर्यंत २० दिवस, गिऱ्हाइकाकडून पैसे यायला ७५ दिवस, आणि स्टीलवाला तुम्हाला ३० दिवस थांबतो. २० अधिक ७५ वजा ३०, म्हणजे ६५ दिवसांचा खर्च तुम्ही खिशातून चालवताय: सुमारे १५ लाख. वसुली ४५ दिवसांवर आली तर हाच आकडा ८ लाखांच्या आसपास येतो. सुटलेल्या ७ लाखांवर सीसीचं व्याज ११ टक्के धरलं तरी वर्षाला ७७ हजार वाचतात.

व्याजापेक्षा मोठा फटका ड्रॉइंग पॉवरला (सीसीतून प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेला) बसतो. सीसीची मर्यादा २० लाख असली तरी दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर बँक ठरवते किती उचलू द्यायचे, आणि बहुतेक बँका ९० दिवसांपुढची येणी त्यात धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक ज्या महिन्यात थांबवतं, नेमका त्याच महिन्यात बँकही हात आखडता घेते. जुनी येणी नवी दाखवून स्टेटमेंट भरू नका. स्टॉक ऑडिटला बिलांच्या तारखा तपासतात.

२. उद्यम नोंदणी करा, आणि बरोबर करा

उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्ध कायद्याचं जे काही संरक्षण आहे ते तिच्या क्रमांकावर उभं आहे. नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत होते. शोधताना वरच येणाऱ्या, 'प्रमाणपत्र फी' मागणाऱ्या साइट खासगी एजंटांच्या असतात. आधार, पॅन, जीएसटी क्रमांक आणि आधारशी जोडलेला मोबाइल एवढं पुरतं. मालकी असेल तर मालकाचं आधार, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचं.

चुका होतात त्या इथे:

- एनआयसी कोड (व्यवसायाचा प्रकार सांगणारा क्रमांक) निवडताना फक्त घाऊक किंवा किरकोळ व्यापार निवडला जातो. व्यापाऱ्यांना उद्यमखाली प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाचा लाभ मिळतो, उशिरा पेमेंटविरुद्धचं संरक्षण मिळत नाही. तुम्ही माल बनवत असाल किंवा जॉबवर्क करत असाल तर उत्पादनाचा किंवा सेवेचा कोड लावा.
- नोंदणी भांडण झाल्यावर केली जाते. नोंदणीआधी पाठवलेल्या मालाला संरक्षण लागू होतं का, यावर खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेत. पहिला माल निघण्याआधी प्रमाणपत्र हातात असू द्या.
- क्रमांक मिळतो आणि फायलीत पडून राहतो. तो बिलावर, कोटेशनवर, लेटरहेडवर छापा, आणि प्रमाणपत्राची प्रत गिऱ्हाइकाच्या परचेस व अकाउंट्स दोन्हींना ईमेलनं पाठवा. व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या यादीत) 'सूक्ष्म' किंवा 'लघु' अशी खूण लागली की त्यांची सिस्टीमच ४५ दिवसांच्या कायदेशीर मुदतीचा इशारा देऊ शकते.

१ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्गवारीनुसार सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत.

३. ऑर्डर घेतानाच पैशाचं बोलून घ्या

भाव ठरवताना तासभर घासाघीस होते आणि पेमेंटची ओळ न वाचता पीओ स्वीकारला जातो. त्या ओळीत बघायचं ते हे: दिवस कुठून मोजायचे? 'बिलाच्या तारखेपासून ४५', 'जीआरएनपासून ४५' आणि 'महिनाअखेरीपासून ४५' या तिन्हींत फार फरक आहे. ३ तारखेला गेलेल्या मालाला 'महिनाअखेर अधिक ४५' लावलं की ते ७२ दिवस होतात.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. पीओवर ९० दिवस छापलेले असले तरी कायद्यापुढे ४५च.

दुसरा प्रश्न परचेसवाल्याला थेट विचारा: तुमचे पेमेंट रन कुठल्या तारखांना असतात? अनेक कंपन्या महिन्यातून दोनदाच पैसे सोडतात. रन १० आणि २५ तारखेला असेल आणि तुमचं बिल ११ तारखेला देय झालं, तर ते १४ दिवस नुसतं बसून राहणार. अशा ठिकाणी डिस्पॅच दोन दिवस अलीकडे घेतला तर दोन आठवडे वाचतात.

टूलिंग, डाय किंवा खास मटेरियल लागत असेल तर त्यासाठी आगाऊ रक्कम मागा. ३० टक्के आगाऊ मागायला नवे लोक लाजतात; मोठ्या कंपनीच्या परचेसला त्यात नवल वाटत नाही.

४. चलन, पोच, जीआरएन: दिवस इथेच गळतात

गाडी गेटवर पोचते. सिक्युरिटी इनवर्ड क्रमांक टाकतो, स्टोअरवाला खोकी मोजतो, क्यूसी (गुणवत्ता तपासणारा) नमुने तपासतो, मग सिस्टीममध्ये जीआरएन पडतं. अकाउंट्समध्ये पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही कागद जुळवून बघतात. यात एक आकडा जरी हलला तरी बिल बाजूला पडतं, आणि ते बाजूला पडलंय हे तुम्हाला कुणी फोन करून सांगत नाही.

एक प्रसंग जवळून बघू. चलनावर ५०० बुश, बिलावर ५००. क्यूसीनं बोअर मोठा म्हणून २ नग नाकारले, जीआरएन ४९८ चं झालं. दोन नगांची किंमत शंभर रुपयेसुद्धा नसेल, पण २० हजारांचं पूर्ण बिल अडकलं. वाट बघू नका. त्याच दिवशी २ नगांची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट काढा, किंवा त्यांच्याकडून डेबिट नोट मागवा, आणि बिल पुढे सरकवा. बदली माल द्यायचा असेल तर तो नव्या चलनावर, नव्या बिलानं.

बिल अडकवणाऱ्या नेहमीच्या गोष्टी:

- पीओवर दर ४२.३५, बिलावर ४२.४०. पाच पैशांचा फरकसुद्धा सिस्टीम सोडत नाही.
- पीओची सुधारित आवृत्ती आलेली असते आणि बिलावर जुनाच क्रमांक जातो.
- पीओतला पार्ट क्रमांक वेगळा, तुमच्या टॅलीतलं नाव वेगळं. गिऱ्हाइकाचा पार्ट क्रमांक बिलावर जसाच्या तसा हवा.
- पीओतली शिल्लक संख्या संपलेली असते. ५,००० च्या ऑर्डरवर ५,२०० पाठवले तर वरच्या २०० चं जीआरएनच होत नाही.
- जीएसटी क्रमांक चुकीच्या प्लांटचा. कंपनीचा एक प्लांट चाकणला आणि दुसरा गोव्यात वेर्ण्याला असेल तर दोन्हींचे क्रमांक वेगळे. चाकणला सीजीएसटी-एसजीएसटी, वेर्ण्याला आयजीएसटी.

ड्रायव्हरला एकच काम पक्कं शिकवा: चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर गेटचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, आणि तिथूनच फोटो पाठवायचा. हा शिक्का पुढे फार उपयोगी पडतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाइकानं लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असं कायदा धरतो. जीआरएन महिनाभरानं केलं म्हणून ४५ दिवसांचं घड्याळ महिनाभर थांबत नाही. पण पोच कुठल्या दिवशी झाली ते दाखवायला शिक्का हवा.

माल गेल्यावर तिसऱ्या दिवशी जीआरएन क्रमांक विचारायचा. पैसे विचारायचे नाहीत, फक्त क्रमांक. तो विचारायला कुणाला संकोच वाटत नाही आणि सांगायला कुणाला राग येत नाही.

५. ११ तारीख चुकवू नका

जूनच्या बिलांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) तुम्ही ११ जुलैपर्यंत भरलं, की १४ जुलैला गिऱ्हाइकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये (त्याच्या खरेदीच्या पोर्टलवरच्या तक्त्यात) ती बिलं दिसतात आणि त्याला त्यातल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं. तुम्ही १२ ला भरलं तर ती बिलं ऑगस्टच्या १४ ला दिसणार. बऱ्याच कंपन्या २बी मध्ये बिल दिसेपर्यंत जीएसटीची रक्कम, काही तर पूर्ण बिलच, रोखून धरतात. एका दिवसाच्या आळसाची किंमत एक महिना.

तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी हा सापळा आणखी खोल आहे. एप्रिलचं बिल तुम्ही आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांची बिलं चढवायच्या सोयीत) १३ मेपर्यंत चढवलं नाही, तर ते गिऱ्हाइकाला थेट जुलैत दिसू शकतं. कंपन्यांना माल देत असाल तर आयएफएफ तिमाहीच्या पहिल्या दोन्ही महिन्यांसाठी भरा. सीएला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर तो 'तिमाहीचं आहे, घाई नाही' म्हणून ठेवून देतो.

कर मात्र तुम्हाला पैसे आले की नाही हे बघत नाही. मासिक भरणाऱ्यानं २५ जूनच्या बिलाचा जीएसटी २० जुलैला भरायचाच, पैसे सप्टेंबरात येवोत. उशीर झाला तर १८ टक्के दरानं व्याज. त्यामुळे आलेल्या पेमेंटमधली जीएसटीची रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात काढून ठेवा. पगाराला वापरलेला जीएसटी २० तारखेला पुन्हा उभा राहतो.

६. पाठपुराव्याचं वेळापत्रक

देय तारीख उलटल्यावर केलेला फोन उशिराचा असतो. तिच्या आधी दहा दिवस एक ईमेल: बिल क्रमांक, तारीख, रक्कम, जीआरएन क्रमांक, देय तारीख, आणि 'बिल पास झालंय का' एवढाच प्रश्न. देय तारखेला दुसरा. सातव्या दिवशी अकाउंट्सच्या वरच्या माणसाला, परचेसला प्रतीसह. फोनवर ठरलेलं लगेच ईमेलवर लिहून पाठवा. तोंडी 'सोमवारी टाकतो' याला पुढे काही किंमत नसते.

वर्षात तीन वेळा तुमच्या शब्दाला जास्त वजन असतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची ४५ दिवसांवरची थकबाकी कंपन्यांना एमएसएमई-१ नावाच्या अर्धवार्षिक विवरणपत्रात कळवावी लागते: एप्रिल ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चचं ३० एप्रिलपर्यंत. म्हणून सप्टेंबरचा तिसरा आठवडा आणि मार्चचा पहिला आठवडा सोडू नका. तिसरी वेळ ३१ मार्चची, आणि ती सगळ्यात जोरकस. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या ४३ बी (एच) कलमानुसार मुदत उलटलेली देणी प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजा करता येत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमाचा आकडा वेगळा आहे, अट तीच. ही अट सूक्ष्म आणि लघु यांच्यापुरती आहे, मध्यमांसाठी नाही.

या अटीवर काही खरेदीदार 'उद्यम नोंदणी रद्द कर, मग ऑर्डर देतो' असं सुचवतात. असं गिऱ्हाईक पैसे किती वेळेवर देणार ते त्यानं ऑर्डरआधीच सांगून टाकलेलं असतं.

७. देय तारखेआधी पैसे हवे असतील तर

गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर पहिला पर्याय ट्रेड्स, म्हणजे बिलावर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणारे ऑनलाइन मंच. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट असे मंच चालतात. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रमांना ३१ मार्च २०२५ पर्यंत त्यावर नोंदणी करायला सांगितलेलं होतं. तेव्हा 'तुम्ही ट्रेड्सवर आहात का, कुठल्या मंचावर' हे विचारायला बिचकू नका.

काम असं चालतं: बिल मंचावर चढतं, गिऱ्हाईक ते मान्य करतं, बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात, तुम्ही कमी दराची बोली स्वीकारता आणि बहुधा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे खात्यात येतात. देय तारखेला बँक गिऱ्हाइकाच्या खात्यातून वसूल करते. त्यानं बुडवलं तरी ती तुमच्याकडे मागायला येत नाही, आणि दर गिऱ्हाइकाच्या पतपात्रतेवर ठरतो. पाच लाखांचं बिल, ६० दिवस, ९ टक्के दर: खर्च सुमारे ७,४०० रुपये, वर मंचाचं शुल्क.

अडचण एकच, पण खरी: गिऱ्हाईक नोंदणी करून ठेवतं आणि बिल मान्यच करत नाही. त्यासाठी परचेसला धरून फायदा नाही. फायनान्स विभागात ट्रेड्स कोण बघतं त्याचं नाव काढा.

एका फायलीत तयार ठेवा:

- उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र
- रद्द केलेला धनादेश, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- भागीदारी करारनामा, किंवा कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव
- दोन वर्षांचा ताळेबंद आणि प्राप्तिकर विवरणपत्र
- चालू पीओ, शिक्क्याची चलनं, गिऱ्हाइकाच्या सहीचं खातेउतारा जुळणीपत्र

ट्रेड्स नसेल तर बँकेचं बिल डिस्काउंटिंग, म्हणजे बिलावर बँकेकडून आधीच पैसे. तिथे करारात वसुलीची जबाबदारी कुणावर ते वाचा. बहुतेक वेळा गिऱ्हाइकानं दिलं नाही तर रक्कम तुमच्या खात्यातून वळती होते. मोबाइल ॲपवरच्या कर्जांचा दर महिन्यावर सांगतात. 'दीड टक्का' आणि १ टक्का प्रक्रिया शुल्क म्हणजे ६० दिवसांना ४ टक्के, वर्षाला २४.

'१० दिवसांत दिलेत तर २ टक्के सूट' ही जुनी पद्धतही मोजून वापरा. ४५ ऐवजी १० दिवसांत पैसे आले म्हणजे ३५ दिवसांसाठी २ टक्के. वर्षाचा दर २१ टक्क्यांवर जातो. सीसी ११ टक्क्यांनी मिळत असताना ही सूट तोट्याची. सीसी संपलेलीच असेल आणि पगार तोंडावर असेल तर गोष्ट वेगळी.

८. पैसे येण्याचा मार्ग

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे 'बँक बंद होती' हे कारण संपलं. धनादेशही ४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच दिवशी वटू लागले आहेत. धनादेश तारखेपासून तीन महिनेच चालतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे.

दुकानाच्या गल्ल्यावर यूपीआय असेल तर स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, साउंडबॉक्सचा आवाज किंवा खात्यातली जमा बघा. कार्ड मशीनवर 'आजच पैसे घ्या' अशी सोय दिसते. एका दिवसासाठी ०.२ टक्के शुल्क किरकोळ वाटतं. रोज वापरलं तर तो वर्षाला ७३ टक्क्यांचा दर होतो.

९. तरीही अडलेच तर

आधी व्याजाचं पत्र. २००६ च्या कायद्याचं कलम १६ म्हणतं, उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक दर ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के. पाच लाख सहा महिने थकले की व्याज सुमारे ४२,७००, आणि ते खरेदीदाराला करातून वजाही करता येत नाही. हा आकडा मांडून पाठवलेलं एक पानाचं पत्र अनेकदा पुरतं.

नाही पुरलं तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार. पीओ, बिलं, पोच आणि उद्यम क्रमांक जोडायचा. प्रकरण सुविधा परिषदेकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे) जातं. आधी तडजोड, नाही झाली तर लवाद. निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. परिषदेत ९० दिवसांत निकाल लागावा असं कलम १८ सांगतं, पण त्या भरवशावर पुढच्या महिन्याचे पगार ठरवू नका.

तक्रार केली की ऑर्डर बंद होतील ही भीती खोटी नाही. एकूण बिलिंगपैकी ६०-७० टक्के एकाच गिऱ्हाइकाकडे असेल तर तक्रारीआधी दुसरं गिऱ्हाईक उभं करा. पण देय तारखेपासून दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटू देऊ नका, आणि तोवर दर ३१ मार्चला त्यांच्या सही-शिक्क्याचं खातेउतारा जुळणीपत्र घेत राहा.